आहेराची सत्तावीस मिनिटं

"आहेर कुठं गेला?" मी विचारलं.

टीव्हीवर माझंच लग्न चाललं होतं. सप्तपदी झाली, काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच मी गळ्यातला हार सावरत गाडीत बसायला निघाले. मधला आहेर गायब. रत्नावहिनींनी रिमोट उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत टीपॉयवर ठेवला.

"बसला न्हाई म्हनं डिस्कात. मुलाणी म्हनला, लई मोठं होतंय."

"मग दोन डिस्क करायच्या. मी फोनवर तेच सांगितलं होतं तुम्हाला."

"एकात बसलं ते बरं की. आहेरात काय बघायचंय, वन्सं? माणसं येत्यात, टोपी-टॉवेल देत्यात, जात्यात. च्या टाकते."

आणि त्या आत गेल्या. आमच्या वहिनी चहा घेणार का हे विचारल्याशिवाय कधी गॅस पेटवत नाहीत. त्या दिवशी न विचारता उठल्या. मी तिथेच सावध झाले.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करते. दूधवाल्याचं माप मी दोनदा बघते आणि रिक्षावाला वळला की कुठून नेतोय हे विचारते. पण त्या वेळी माझं नुसतं स्वभावावर चाललेलं नव्हतं. आई जाऊन अकरा महिने झाले होते. चेहरा हवा तेव्हा डोळ्यांसमोर यायचा, पण तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता. हाक मारायची ती कशी, 'हेमे' म्हणताना शेवटी ओढायची की तोडायची, हे मला सांगता येईना, आणि त्याने माझी झोप उडाली होती. घरात कुणी तिचा आवाज टिपून ठेवला नव्हता. तिचं हलतं-बोलतं चित्र सगळ्या जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, आणि त्यातही फक्त आहेरात.

त्याचं कारण सांगते. मी नववीत असताना वडील गेले. नवरा नसलेल्या बाईने लेकीच्या लग्नात पुढे यायचं नाही, असा तेव्हा आमच्याकडे रिवाज होता. कन्यादान काका-काकूंनी केलं. हळदीच्या वेळी आई स्वयंपाकात, अक्षता पडताना मांडवाच्या मागच्या अंगाला. आहेराच्या वेळी मात्र ती माझ्या खुर्चीमागे नारळांच्या पोत्याशी होती, आहेर करणाऱ्याला परतीचा नारळ काढून द्यायला. एवढं मला पक्कं आठवत होतं. शिवाय कॅमेरावाल्याने सगळ्या विधींवर सनई आणि सिनेमातली गाणी चढवली होती, आहेर तेवढा तसाच सोडला होता. तिथे माणसांचे खरे आवाज होते.

कॅसेट विट्याला दादाकडेच राहिली, कारण व्हीसीआर त्याच्याकडे होता. सतरा वर्षांत मी ती एकदाच पाहिली होती, तीही सासरची माणसं बरोबर असताना, पुढे पळवत पळवत. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा मी वहिनींना फोन केला की विट्यात कॅसेटची डिस्क करून देणारे मुलाणी आहेत, त्यांच्याकडून सगळीच्या सगळी कॅसेट डिस्कवर घ्या, दोन लागल्या तर दोन.

चहा आला. मी विचारलं, "मूळ कॅसेट कुठंय?"

"टाकली. बुरशी लागली हुती सगळी."

"कधी टाकलीत?"

"झाले की आठ-दहा दिस." वहिनी बशीकडे बघत म्हणाल्या. "बिस्किट घ्या."

आई आणि वहिनी शेवटची दोन वर्षं एका घरात राहून कामापुरतंच बोलायच्या. का, ते दोघींनीही मला कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर महिनाभरात तिच्या खोलीत ज्वारीची पोती येऊन पडली होती. आता कॅसेटमधून ती नेमकी तेवढीच गेली होती. मी डिस्क पर्समध्ये घातली आणि मिरजेची एसटी धरली. वाटेत तासगावपर्यंत माझ्या डोक्यात वहिनींचा खटला उभा राहिला होता.

मी मूळची गणिताची शिक्षिका. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा ते कुणीतरी शिकवायला हवेत म्हणून मला सहा महिन्यांचा कोर्स करायला लावला, आणि मग तो विषय माझ्या गळ्यात पडला तो पडलाच. सोमवारी मधल्या सुट्टीत मी लॅबमध्ये डिस्क घातली. माझं लग्न तिथे दोन तास एकवीस मिनिटांचं होतं आणि त्याने जागा घेतली होती तीन पूर्णांक दोन जीबी. डिस्कवर चार पूर्णांक चारच्या आसपास मावतं. म्हणजे बाराशे एमबी जागा कोरी होती.

मी फळ्यावर मांडून पाहिलं. आहेर जास्तीत जास्त अर्धा तास. याच हिशेबाने दाबून बसवला असता तर सातशे एमबीमध्ये आला असता, आणि वर पाचशे उरली असती. बसला नाही ही सरळ थाप होती. फळा पुसताना मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. चोर सापडल्यावर होतो तसा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्याबरोबर मी विट्याला निघाले, कुणालाही न कळवता.

मुलाणींचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. पूर्वी ते लग्नाची शूटिंग करायचे, आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे बसून करायचं काम तेवढं घेत. भिंतीला लोकांच्या कॅसेटींची चळत, टेबलावर एक जुना व्हीसीआर, त्यातून निघून कॉम्प्युटरमध्ये जाणाऱ्या तीन रंगांच्या वायरी. मी नाव सांगितलं तसा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आहेर का काढलात?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"बसत नव्हता मॅडम."

"बाराशे एमबी रिकामी आहे. मी कॉम्प्युटर शिकवते."

मुलाणींनी दुसरी वाट धरली. "तसं न्हाई. तो तुकडा लई खराब हाय. पट्टी पार घासलीया, सगळ्या चित्रावर पांढऱ्या रेघा. आता ह्या एमपेगचं, म्हंजे व्हिडिओ दाबून लिहायच्या रीतीचं, कसं असतंय, तुमास्नी ठावं असंल. एक चित्र पुरं लिहितंय, आणि मग जे हललं तेवढंच लिहीत जातंय. मागची भिंत, मांडव, ते पुन्यांदा लिहीत न्हाई. म्हणून तर एवढं मोठं लगीन एवढ्याशा डिस्कात मावतंय. पण रेघा आल्या की त्याला वाटतंय सगळंच हलतंय. मग ते समदं लिहीत बसतंय. जागा खातंय, आणि वर चौकटी चौकटी दिसतंय."

"तरी पाचशे एमबी उरतात. ती रेघांना द्यायची."

त्यांनी चष्मा परत नाकावर घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. वर्गात एखादं पोर उत्तर बरोबर देऊ लागलं की मी बघते तसं.

"वैनींनी काढाय सांगितला," ते म्हणाले. "मी बसवला हुता. दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, समदं. त्या इथं बसून बघून गेल्या, आणि म्हनल्या आहेराची सत्तावीस मिनिटं काढा, आणि कुणी विचारलं तर बसलं न्हाई म्हणा. मी म्हनलं, बाई, मला खोटं बोलाय लावू नका. पन त्यांच्या डोळ्यांत पाणी हुतं, काय करू?"

"कॉम्प्युटरवर आहे का अजून तो तुकडा?"

"न्हाई. डिस्क निघाली की मी फाइल पुसतो. जागा कुठनं आणू?"

"आणि कॅसेट? बुरशी होती म्हणे."

"बुरशी? न्हाई बा. कॅसेट चांगली हुती, तेवढा तुकडा सोडला तर. वैनी पदरात गुंडाळून घेऊन गेल्या."

मला आता फक्त एकच विचारायचं होतं. "तेवढाच तुकडा कशाने खराब होतो?"

"सारखा सारखा मागं घेऊन बघितला की. दहा-वीस येळा न्हाई, मॅडम. शेकड्यांनी."

आहेर शेकडो वेळा कोण बघतं? मला उत्तर लगेच मिळालं. बघत कुणीच नाही. कुणीतरी मुद्दाम मागेपुढे करून ती पट्टी घासून टाकली होती. आईचा शेवटचा मागमूस पुसायला वहिनी डिस्कपर्यंत थांबल्याच नव्हत्या, ते काम त्यांनी आधीपासूनच सुरू केलं होतं. हे मला तेव्हा इतकं स्वच्छ दिसत होतं की मी मुलाणींचा निरोपही घेतला नाही.

दादा घरी नव्हता, ते बरंच झालं. वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी चप्पल न काढताच म्हटलं, "कॅसेट द्या."

"कंची?"

"मी मुलाणींकडून आलेय."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी बोलत सुटले. आई गेली तेव्हा तिच्या खोलीत पोती टाकलीत, मी काही बोलले नाही. दोन वर्षं तिच्याशी धड बोलला नाहीत, तेही पोटात घातलं. पण तिचा आवाज माझा होता. तो पुसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? जेवढं म्हणून आठवत होतं तेवढं सगळं मी त्यांच्या अंगावर टाकलं. वहिनी खाली मान घालून ऐकत राहिल्या. उलट बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

माझं संपल्यावर त्या उठल्या. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात आईचं जांभळं लुगडं होतं, घडी न मोडता ठेवलेलं. त्याच्या आत कॅसेट होती.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "बघू नका. माझं ऐका. मुलाणींकडनं नुसता फोटो काढून घ्या आत्याबाईंचा त्यातनं. तेवढाच लावू भिंतीला."

"का?"

"तुमी बघू नका."

"माझ्या आईला मी बघायचं नाही?"

"मग मी बी येते संगं," वहिनी म्हणाल्या आणि शेंगांचं सूप तसंच ठेवून दाराला कडी घातली.

मुलाणींनी आम्हाला दोन स्टुलं दिली. व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवली आणि वायरी नीट बसल्या का ते पाहिलं. "आता चालवतो ते कॉम्प्युटरवर बी उतरवून घेतो," ते म्हणाले. "पट्टीचा भरवसा न्हाई. ह्या येळी तुटली तर गेली."

सप्तपदी पुढे पळाली. काकूंनी डोळे पुसले. मग पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस सुरू झाला आणि त्यामागे मी खुर्चीत बसलेली दिसले, एकवीस वर्षांची, मुंडावळ्या बाजूला सारलेल्या. मागे एक लहानशी बाई नारळाच्या पोत्यावर वाकली होती.

"आई," मी म्हणाले. दुकानातली मी.

ती ताठ झाली, कुणाच्या तरी हातात नारळ दिला, हसली. तिचे पुढचे दोन दात थोडे वेगळे होते, हे मी विसरूनच गेले होते. लाउडस्पीकरवर कुणाकुणाची नावं चालली होती. आई काहीतरी बोलली, पण ते त्या गोंगाटात गेलं. मी पुढे सरकून बसले. मग स्पीकर मध्येच बंद पडला, आणि सगळं एकदम ऐकू येऊ लागलं. भांड्यांचे आवाज, पोरांचे आवाज आणि कॅमेरावाल्याचा.

"मागं कोण हाय ते? जरा बाजूला घ्या की."

नवरीने मान वळवली. तिच्या कपाळाला आठी होती. ती आठी मी आजही आरशात बघते.

"आई, तू तिकडं हो ना," ती म्हणाली. "कॅमेऱ्यात येतीयस. त्यांच्याकडची माणसं बघतायत सगळी."

"सरकते, सरकते," आई म्हणाली. "हेमे, पिन निघालीया बघ पदराची, टोचंल." तिचा हात माझ्या खांद्याकडे आला, वीतभर अलीकडे थांबला आणि मागे गेला. "रत्ना, तू लाव गं तिची पिन. माझा हात नको."

मग दुसरा हात आला, हिरव्या चुड्याचा, आणि त्याने माझी पिन लावली. नवरी पुढे बघू लागली. पाहुणे येत राहिले. आई पुन्हा दिसली नाही. पडद्याच्या कडेने तेवढं एक मोकळं मनगट येत होतं, नारळ देत होतं आणि जात होतं. उरलेला सगळा वेळ तेवढंच.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. हे मी शपथेवर सांगते, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही मला माहीत आहे.

मुलाणी उठून दारात जाऊन उभे राहिले.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "तुमास्नी आवाज पाहिजे हुता. आवाज त्यात एवढाच हाय. मी इथं बसून तीनदा ऐकला, दुसरं काय सापडतंय का बघितलं. न्हाई सापडलं. म्हनलं, कशाला द्यायचं हे तुमच्या हातात? त्यापरास मला चोर म्हणा."

मी पदराने तोंड दाबून धरलं होतं. रडू येत होतं ते आईचं होतं की माझ्याच लाजेचं, कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "मग ही पट्टी एवढी घासली कुणी?"

"आत्याबाईंनी."

"हे? हे बघायची ती?"

"दुपारची लावायच्या. व्हीसीआर चालू होता तवर रोज म्हटलं तरी चालंल. बाकीचं लगीन नकोच असायचं. हितनं लावायच्या, त्या सरकल्या की परत मागं घ्यायच्या. मला बघवत नव्हतं. त्या जायच्या दोन वर्सं आधी मी बोलले एकदा, जरा तोडूनच बोलले. म्हनलं, लेकीनं हाकललेलं काय सारखं बघता? ते त्यांना लई लागलं. तवापासनंच बोलणं तुटलं आमचं."

"काय म्हणाली ती?"

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. ते मनगट नारळ देत होतं.

"म्हनल्या, हाकललेलं कोण बघतंय, रत्ना? त्याच्या अगूदरचं बघते. मी आन हेमी एका जागी एवढ्यातच हाय."

आम्ही दोघींनी उरलेला आहेर पाहिला. सत्तावीस मिनिटं संपली, पडद्यावरची मी गाडीकडे निघाले, आणि मुलाणी आत येऊन कॉम्प्युटरसमोर बसले.

"उतरलं समदं," ते म्हणाले. "रेघा कमी करू का? थोडं साफ करता येतंय. आणि ते मधलं बोलणं... म्हणजे स्पीकरचा आवाज लांबवून त्यावर घेता येईल. कुणाला कळणार न्हाई."

"नको," मी म्हटलं. "जसं आहे तसं ठेवा. सप्तपदीच्या पुढे, पाठवणीच्या आधी, जिथं होतं तिथं. दाबू नका फार. दोन डिस्क लागल्या तर लागू द्या."

"आता कॅसेट चालवू नका," त्यांनी बजावलं. "फाइल कितीबी येळा बघा. ती झिजत न्हाई."

वर्षश्राद्धाला मी ती डिस्क सगळ्यांसमोर लावली. वहिनी नको म्हणत होत्या. आहेर आला तेव्हा काकू उठून आत गेल्या, आणि दादा पंख्याकडे बघत राहिला. मी वहिनींशेजारी बसून शेवटपर्यंत पाहिलं.

आता घरात डिस्क घालायला जागा असलेलं एकही यंत्र उरलेलं नाही. मी ती फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे आणि अधूनमधून उघडते, तिथूनच, जिथून आई लावायची. ती नारळ देते, हसते, दात दिसतात. सरकायच्या आधी थांबवून ठेवावं असं दर वेळी ठरवते, आणि आवाज ऐकायचा म्हणून पुढे जाऊ देते. मुलाणी म्हणाले ते खरं आहे, फाइल झिजत नाही. पडद्यावरची मी दर वेळी 'तू तिकडं हो ना' म्हणते, आणि आई दर वेळी तितक्याच लगबगीने सरकते.